आडनाव फळाचं, पुस्तक बिअरचं

त्या संध्याकाळी आमच्या मामाने फ्रेश लाइम सोडा मागवला. गोड-खारा मिक्स.

टेबलावर आम्ही सात जण होतो, सगळी कझिन्सची गँग. पुण्यातली एक मायक्रोब्रूअरी, शनिवार, काचेपलीकडे चकचकीत टाक्या, कानठळ्या बसवणारं म्युझिक आणि या सगळ्याच्या मधोमध चौऱ्याहत्तर वर्षांचा मामा, चेक्सचा शर्ट व्यवस्थित इन केलेला. माझ्या दादाला प्रमोशन मिळालं होतं, त्याची ट्रीट. दादाने फारच आग्रह केला म्हणून मामा आला होता. मामी आली नव्हती. ‘त्या आवाजाने माझं डोकं उठतं,’ म्हणाली. आम्हाला ते पटलंही.

तर मामाने काय करावं? दादाच्या पुढ्यातला ग्लास उचलला, नाकाजवळ नेला, डोळे मिटले. “गव्हाची आहे. लवंगेचा वास येतोय बघ. आणि मागून पिकलेल्या केळ्याचा.” ग्लास होता तिथे ठेवून दिला. एक थेंबही घेतला नाही.

सर्व्ह करणारा मुलगा बघतच राहिला. बिअर खरंच गव्हाची होती, जर्मन पद्धतीची. तिच्यात लवंग नसते की केळं नसतं, दोन्ही वास हा यीस्टचा प्रताप. हे मला नंतर कळलं, मामाला ठाऊक होतं.

मास कम्युनिकेशनच्या डिग्रीने मला नोकरी दिली नाही, पण कुठे काही वेगळं दिसलं की कान टवकारायची सवय मात्र दिली.

“मामा, तुला कसं कळलं?”

“ही म्युनिकला प्यायलो होतो, कंपनीच्या कामाला गेलो होतो तेव्हा. बाकीच्या मी स्वतःच करायचो ना. कॉव्हेंट्रीत असताना. बाथरूममध्ये. एका खेपेला चाळीस पाइंट.”

टेबल एकदम शांत. आमच्यासाठी मामा म्हणजे सकाळी पर्वती, दुपारी शब्दकोडं आणि संध्याकाळी सात वाजता बातम्या. तो बाथरूममध्ये बिअर बनवायचा? सॉलिड!

मग हळूहळू बाहेर आलं. मामा १९७४ मध्ये पंचविसाव्या वर्षी इंग्लंडला गेला. कॉव्हेंट्रीत मशीन टूल्सच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. भाड्याची एक खोली, बाथरूम कॉमन, वर एक गुजराती मेकॅनिक, खाली घरमालकीण. पबमध्ये रोज जाण्याइतका पगार नव्हता आणि गेलं तरी त्या काळात आपल्या रंगाच्या माणसाचं स्वागत सगळीकडे होईलच असं नव्हतं. कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या इंग्रजाने त्याला घरी बिअर करायला शिकवलं. बूट्स म्हणजे तिकडचे केमिस्ट. त्यांच्याकडे खोकल्याच्या औषधाच्या शेजारी बिअरचं किट मिळायचं. काकवीसारखा दाट माल्ट एक्स्ट्रॅक्ट, हॉप्सची वाळलेली फुलं, यीस्टची पुडी. आणि पुस्तक.

“पुस्तक छान होतं गं. पातळसं. त्यात सगळं होतं. हरवलं कुठेतरी.” मामा सोड्यातली लिंबाची बी स्ट्रॉने टोचत होता. “नाव आठवत नाही. लेखकाचं आडनाव मात्र काहीतरी फळाचं होतं.”

मामाची पंचाहत्तरी पाच महिन्यांवर आली होती. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला काय द्यायचं, हा आमच्या फॅमिली ग्रुपवरचा हॉट टॉपिक होता. मसाज चेअर, स्मार्ट वॉच, अष्टविनायकाची टूर अशी यादी चालू होती. मी मनात म्हटलं, बॉस, आपलं ठरलं. पुस्तक.

आणि हो, खरं सांगते, मनात त्याच वेळी एक लेखही तयार झाला होता. ‘मामाच्या हरवलेल्या पुस्तकाचा शोध.’ क्यूट, फोटोसकट, दोन पानं. फ्रीलान्सरला घरचं काहीच नुसतं घरचं राहत नाही.

इथे एक खुलासा. तुमच्यापैकी कुणी आता गॅलरीत बादली ठेवायच्या बेतात असेल तर थांबा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि लायसन्सशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. प्यायलासुद्धा कागदोपत्री परवाना लागतो. बिअरसाठी वय २१, हार्ड ड्रिंकसाठी २५. मायक्रोब्रूअरीवाले रीतसर लायसन्स घेतात. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झालं आणि मग बाकीचे आले. पुस्तकाचं काय? याच कायद्यात मद्याची वाखाणणी करायलाही बंदी होती. फ्राम बलसारा नावाच्या पारशी गृहस्थांनी कायद्याला आव्हान दिलं आणि १९५१ साली सुप्रीम कोर्टाने वाखाणणीचं ते कलम भाषणस्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून रद्द केलं. थोडक्यात, बिअरचं कौतुक करा, पुस्तक उशाशी घेऊन झोपा, बादलीला हात लावू नका.

इंग्लंडमध्येही फार वेगळं नव्हतं. १८८० पासून तिकडे घरी बिअर करायची तर सरकारी लायसन्स लागायचं. एप्रिल १९६३ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली आणि लोक सुटलेच. स्वयंपाकघरात, गॅरेजमध्ये, बाथटबशेजारी. त्या लाटेत ही छोटी छोटी पुस्तकं निघाली. अमेरिकेत तर आणखी उशीर. तिकडे प्रेसिडेंट कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली तेव्हा कुठे १९७९ पासून मोकळीक मिळाली.

ही हिस्टरी मला आधी माहीत असती तर माझे तीन आठवडे वाचले असते. कारण मी सुरुवात केली चुकीच्या टोकाने. नेटवर होमब्रूइंगचं पुस्तक शोधलं की पहिलं नाव येतं चार्ली पापाझियन या अमेरिकनाचं. मी खूश! पपई! फळ! मामाला फोन लावला. तो म्हणाला, “पपई नाही गं. इंग्रजी फळ.” नंतर पाहिलं तर पापाझियनचं गाजलेलं पुस्तक १९८४ चं. मामा तोवर पुण्यात येऊन संसाराला लागला होता.

मग मी फूटपाथ धरला. मुंबईत माटुंग्याला किंग्ज सर्कल, फोर्टमध्ये फ्लोरा फाउंटनजवळ जे काही विक्रेते उरलेत ते, पुण्यात गेले की रविवारी जुना बाजार. फाउंटनच्या काकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मुलगी, गळ्यात सॅक, मागतेय काय तर बिअर करायचं पुस्तक. “कुकिंगमध्ये बघा मॅडम.” कुकिंगमध्ये मायक्रोवेव्हची चौदा पुस्तकं होती. जुन्या बाजारात एकाने मला बिअर मग दाखवला, पितळी, दीडशे रुपये. पुस्तक नव्हतं, पण मग घेतला. अजून त्यात पेनं ठेवते.

माझी कॉलेजची एक मैत्रीण बर्मिंगहॅमला असते. तिला कामाला लावलं. तिकडे चॅरिटी शॉप्स असतात. लोक जुने कपडे, कपबशा, पुस्तकं देणगी म्हणून देतात आणि दुकान ती विकून संस्थेला पैसे देतं. बिचारी दर शनिवारी एकेक दुकान पालथं घालायची आणि मला फोटो पाठवायची. इकडे मी रात्री जुन्या पुस्तकांच्या साइट्सवर. ती एक वेगळीच दुनिया आहे आणि तिची स्वतःची भाषा आहे. ‘फॉक्सिंग’ लिहिलेलं दिसलं तेव्हा मला वाटलं पुस्तक कोल्ह्याने चावलंय. तसं नाही, कागदावर पडलेले तपकिरी डाग. ‘एक्स-लायब्ररी’ म्हणजे आत शिक्के आणि खिसा. ‘रीडिंग कॉपी’ म्हणजे बाकी सगळी वाट लागलीय, पण अक्षरं दिसतात. आयएसबीएन नंबर टाकून शोधायची आपली सवय इथे उपयोगाची नाही, कारण तो नंबर रूढ झाला १९७० च्या आसपास. त्याआधीच्या आवृत्तीला असं काही नसतंच. तिथे प्रकाशकाचं नाव लागतं, गाव लागतं, साल लागतं.

आणि बिअरच्या पुस्तकांचं एक वेगळंच दुखणं. कवितासंग्रह कपाटात राहतो. हे पुस्तक स्टोव्हशेजारी उघडं असतं. त्याच्यावर उकळतं पाणी सांडतं, माल्ट चिकटतो, पानं एकमेकांना धरून बसतात. शेवटी घर आवरताना कुणीतरी दोन बोटांत उचलतं आणि फेकून देतं. शिवाय नवे ब्रूअर या जुन्या पुस्तकांना नाकं मुरडतात. त्यातल्या बऱ्याच रेसिपीत किलोभर साधी साखर घाला म्हणून सांगितलेलं असतं. स्वस्तात अल्कोहोल वाढतं, चव पातळ होते. त्यामुळे पुन्हा छापायची कुणाला घाई नाही.

दुसरा नेम डेव्ह लाइनवर. सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये घरोघरी पोचलेलं नाव. त्याचं ‘द बिग बुक ऑफ ब्रूइंग’ आलं १९७४ मध्ये, म्हणजे मामा विमानातून उतरला त्याच वर्षी. प्लॅस्टिकच्या बादलीला भोक पाडून त्यात किटलीचं हीटिंग एलिमेंट बसवा आणि घरच्या घरी बॉयलर करा, हा त्याचा फंडा. नुसत्या तयार एक्स्ट्रॅक्टवर न थांबता माल्टचे दाणे ६५-६६ डिग्रीच्या पाण्यात तासभर भिजत ठेवून सुरुवातीपासून बिअर करायला त्याने सामान्य माणसाला शिकवलं. १९७८ मध्ये त्याने बाजारात मिळणाऱ्या नावाजलेल्या बिअर घरी कशा जमवायच्या याचं आणखी एक पुस्तक काढलं. बिचारा तरुणपणीच गेला. ‘लाइन’ हे काही फळ नाही हे मला दिसत होतं, पण ‘लाइम’ असू शकतं! मामाच्या कानांवर आणि आठवणीवर माझा तेवढाच विश्वास होता. मैत्रिणीला एका दुकानात ‘बिग बुक’ सापडलं. तिने पानांचे फोटो पाठवले, मी मामाला पाठवले.

“हे नाही. हे जाडजूड आहे. पण थांब, हे शेवटचं पान मोठं कर.”

जुन्या पुस्तकांच्या शेवटी प्रकाशक आपल्याच बाकीच्या पुस्तकांची जाहिरात करतात, आपण ती पानं कधी वाचत नाही. तिथे यादी होती. प्रकाशक ‘अ‍ॅमॅच्युअर वाइनमेकर’, गाव अँडोव्हर, हॅम्पशर. आणि यादीत एक ओळ: ‘होम ब्रूड बिअर्स अँड स्टाउट्स’, लेखक सी. जे. जे. बेरी.

बेरी!

स्ट्रॉबेरीतली, ब्लूबेरीतली बेरी. मी रात्री साडेअकराला गोरेगावच्या फ्लॅटमध्ये अशी ओरडले की रूममेट बाहेर आली. मामा फोनवर शांतपणे म्हणाला, “सांगितलं होतं ना, फळ.”

सिरिल बेरी हा वाइनमेकिंगचं मासिक काढणारा माणूस, म्हणजे आपल्याच बिरादरीतला. घरी बिअर करायची मोकळीक मिळाली त्याच १९६३ मध्ये त्याने हे पुस्तक काढलं. पुढे त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. मला हवी होती सत्तरच्या दशकातली, मामाच्या हातातली. आणखी पाच आठवडे गेले. एक प्रत खूप नंतरची निघाली, एक आम्ही ठरवेपर्यंत विकली गेली. शेवटी एका विक्रेत्याकडे मिळाली. वर्णन असं: रीडिंग कॉपी, कव्हरला डाग, आत आधीच्या मालकाच्या पेन्सिलच्या खुणा. किंमत चार पौंड. भारतात पाठवायचा खर्च त्याच्या तिप्पट. मैत्रीण डिसेंबरमध्ये येणारच होती, म्हणून तिच्या पत्त्यावर मागवलं. मोजे आणि चॉकलेट्सच्या मधून ते आलं. मी आधी वास घेतला. दमट कपाटाचा वास, बाकी काही नाही. आतली मापं सगळी पौंडांत आणि गॅलनमध्ये. हा गॅलन इंग्रजी, साडेचार लिटरचा. अमेरिकन गॅलन पावणेचार लिटरच्या आसपास. हे न कळल्यामुळे कितीजणांची बिअर पातळ झाली असेल देव जाणे.

या सगळ्या काळात मामा फोनवर खुलत चालला होता. कधी नव्हे ते स्वतःहून फोन करायचा. गरम पाण्याची टाकी असलेल्या कपाटात बादली कशी ठेवायची, कारण बाहेर थंडीत यीस्ट झोपून जातं. मग १९७६ चा उन्हाळा. इंग्लंडमधला तो फेमस उन्हाळा, नळाला पाणी नाही, हिरवळी पिवळ्या पडल्या. मामाने बाटल्या भरून त्याच कपाटात ठेवल्या होत्या. बाटलीत उरलेली साखर यीस्ट खातं, गॅस होतो, त्यात भयंकर उकाडा. रात्री दोन वाजता पहिली फुटली. मग एकामागून एक. घरमालकिणीला वाटलं बॉम्ब. “मी सकाळपर्यंत काचा वेचल्या,” मामा हसत हसत म्हणाला, “आणि तिने भाड्यात पन्नास पेन्स वाढवले.”

मी हे सगळं लिहून ठेवत होते. लेख तयार होत होता. मला फक्त शेवट हवा होता, तो पंचाहत्तरीच्या दिवशी मिळणार होता. गिफ्ट रॅप उघडणारा मामा, डोळ्यांत पाणी, क्लिक.

कार्यक्रमाच्या आधी दहा-बारा दिवस मी मामीला फोन केला. सरप्राइजमध्ये तिला घ्यावं म्हणून. सांगितलं, मामाचं ते हरवलेलं बिअरचं पुस्तक मिळालं.

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं रेंज गेली.

“हरवलं नव्हतं ते,” मामी म्हणाली. “मीच रद्दीत दिलं होतं.”

मग तिने जे सांगितलं ते मी इथे तिच्या परवानगीने लिहितेय. मामा १९८० मध्ये परत आला, पुढच्या वर्षी लग्न झालं. इकडे ना माल्ट ना हॉप्स. पण हौस दांडगी. किराणा दुकानातली बार्ली पॉलिश केलेली, तिला मोड येत नाहीत. म्हणून नवरात्रात घटात पेरायला आणतात ते सालासकट जव आणले. मटकीला आणतो तसे त्यांना मोड आणायचे, मग वाळवायचे, म्हणजेच माल्ट. नव्या नवरीने, म्हणजे आमच्या मामीने, ते जव ओल्या पंचात बांधले, दिवसातून चारदा पाणी शिंपडलं, गच्चीवर वाळत घातले, चिमण्या हाकलल्या. हॉप्सच्या जागी कडूपणासाठी काय घालावं? मामाने काडेचिराईत घातलं. (हो, वर सांगितलेला कायदा तेव्हाही होता. चाळीसहून जास्त वर्षं झाली, सोडून द्या.) “इतकं घाण लागलं ना,” मामी म्हणाली, “दोघं हसत हसत मोरीत ओतलं.”

त्यानंतर मामाने घरी कधी केली नाही. बाहेरून आणायला लागला. आधी शनिवारी बिअर. मग रोज आणि बिअर नव्हे. कंपनीत त्याच्या डोक्यावर दुसरा माणूस आणून बसवला, मग आणखी. एक वेळ अशी आली की महिनाभर कामावर गेला नाही. आणि रोज संध्याकाळी तो आरामखुर्चीत हे पुस्तक मांडीवर घेऊन बसायचा.

“पुस्तकात काही दारू नव्हती गं. पण ते कपाटातून बाहेर निघालं की मला कळायचं आज किती होणार. एक्क्याण्णवच्या दिवाळीला घर आवरायला काढलं, तेव्हा दिलं पेपरांच्या गठ्ठ्यात घालून. त्याने आठ दिवस शोधलं. मी म्हटलं, मला काय माहीत.”

पुढच्या वर्षी मामाने सोडली. पुस्तकामुळे नव्हे. डॉक्टर, एक ग्रुप, ताईची शाळेतली कुठलीतरी गोष्ट, बरंच काही होतं, ते मामीने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेव्हापासून थेंब नाही. माझा जन्म त्यानंतरचा. आमच्या पिढीत हे फक्त ताईला, म्हणजे मामाच्या मुलीला आठवतं. ती बंगळुरूला असते, दादाच्या ट्रीटला नव्हती. असती तर मामाला तिथे येऊच दिलं नसतं.

आणि मी? पाच महिने मी त्या माणसाला रोज रात्री फोन करून बिअरच्या गप्पा मारत होते. तो खुलतोय म्हणून खूश होत होते. मामी स्वयंपाकघरातून ते सगळं ऐकत होती.

“मामी, मी नाही देत ते. इथेच ठेवते. मसाज चेअरचे पैसे भरते.”

“थांब, मला विचार करू दे.”

ते चार दिवस वाईट गेले. पुस्तक माझ्या टेबलावर, पितळी मगाशेजारी. एकदा ते फॅमिलीपासून लपवून कुणाला तरी देऊन टाकावंसं वाटलं. एकदा वाटलं, तेहतीस वर्षं झाली, एवढं काय. मग स्वतःचाच राग आला. तेहतीस वर्षं माझी नव्हती, तिची होती. लेखाचं तर नाव काढवत नव्हतं. एडिटरला ‘मटेरिअल कमी पडतंय’ असा मेसेज टाकला. खरं तर जास्त झालं होतं.

पाचव्या दिवशी मामीचाच फोन. “घेऊन ये. पण देणार मी.”

“नक्की?”

“अगं, त्याला दोन वर्षांपूर्वी बायपासच्या वेळी शुद्धीवर येताना कॉव्हेंट्रीच आठवत होतं. ते त्याचं तरुणपण आहे. मी काय किती रद्दीत देणार?” मग जरा थांबून म्हणाली, “आणि तू लिहिणार आहेस ते मला माहितेय. लिही. नावं घालू नकोस. त्याच्या पिण्याचं लिहिलंस तर जवाचंही लिही.”

पंचाहत्तरी घरीच झाली. औक्षण, सुपारी आणि सोन्याची अंगठी ताटात, पंचाहत्तर दिवे. फोटो काढायला मी फोन हातात धरला होता, पण मामी आतून पुस्तक घेऊन आली तेव्हा काढला नाही. रॅपबिप काही नव्हतं. वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला, रद्दीवाल्याकडे देतात तसा. तो तिचा जोक होता की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

मामाने कागद काढला. बराच वेळ कव्हरकडेच बघत राहिला. मग चष्मा कपाळावर सरकवून पुस्तक नाकाजवळ नेलं, ग्लास नेला होता तसंच. पानं उलटली, एका रेसिपीवर बोट ठेवलं. “साखर फार घालायचो आम्ही,” स्वतःशीच म्हणाला. ताई दारात उभी होती, हाताची घडी घालून. मामी तिथून हलली नाही.

“तूच दिलं होतंस ना ते रद्दीत?” मामाने वर न बघता विचारलं.

“हो.”

“मला वाटलंच होतं.” पान उलटलं. “किती आले?”

“त्याचे वेगळे नाही आले. सगळी रद्दी मिळून आले ते. त्यात भर घालून कुकर घेतला.”

“कुठला? तो मोठा?”

“तोच. आजचा भात त्यातलाच आहे.”

मामाने पुस्तक मिटलं, कागदाचीच घडी घालून खूण म्हणून आत ठेवली आणि ते मामीच्या हातात दिलं. “वरच्या कपाटात ठेव,” म्हणाला, “आणि पानं वाढा आता. दोन वाजले.”